वीस तारखेनंतरचे दिवस

मराठी वाचकाला सिल्वासा ठाऊक असते ते २ ऑगस्ट १९५४ मुळे. पोर्तुगिजांच्या ताब्यातला दादरा-नगर हवेलीचा हा मुलूख स्वयंसेवकांनी सोडवला, त्यांत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यानंतरचे सिल्वासा मात्र आपल्या वाचनात फारसे येत नाही. करसवलतींच्या काळात इथे कारखाने आले, त्यांतही पॉलिएस्टर धाग्याचे पुष्कळ. मसाट, आमली, पिपरिया, खडोली, रखोली ही गावांची नावे औद्योगिक पट्ट्यांची नावे झाली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इथून कामगार आले आणि त्यांच्यासाठी एकाला एक लागून खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. महाविद्यालये वाढली ती या सगळ्याच्या नंतर. सायली रस्त्यावरच्या एसएसआर महाविद्यालयात पुणे विद्यापीठाची पदवी मिळते, डोकमर्डीला शासकीय महाविद्यालय आहे, इथल्याच कराड गावात तंत्रनिकेतन आहे, आणि सायलीच्या नमो वैद्यकीय संस्थेचे उद्घाटन २५ एप्रिल २०२३ रोजी झाले.

ही पुस्तिका या गावात खोली घेऊन शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. खानवेल, दुधनी, मांदोनी या डोंगरपट्ट्यातून, सीमेपलीकडच्या तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाड्यातून, गुजरातच्या कपराडा-धरमपूरकडून ती येतात. वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर दोघेतिघे मिळून चाळीत एक खोली घेतात. त्यांच्यातली कितीतरी जण घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. २०११ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची निम्म्याहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती, हे लक्षात घेतले की या पहिलेपणाचा अर्थ कळतो. भाडेकरार कसा वाचायचा, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडतो, बँकेत कोणत्या खिडकीवर जायचे, हे घरी कुणाला विचारणार? आई-बापांना मुलाची काळजी नाही असे मुळीच नाही. त्यांच्यावर हे प्रसंग कधी आलेच नाहीत, एवढेच.

विद्यार्थ्यांना पैशाचा सल्ला द्यायचा म्हटले की आपण लगेच बचतीवर येतो. चहा कमी प्या, बाहेर खाऊ नका, खर्च लिहून ठेवा. यात चूक काही नाही. पण महिन्याच्या खर्चातून वाचवायला काही उरतच नाही त्या मुलाला हा सल्ला ऐकून फक्त अपराधी वाटते. या विद्यार्थ्यांशी बोलताना, त्यांचे हिशेब त्यांच्याबरोबर बसून मांडताना, एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. पैसा कमी आहे हे खरेच, पण त्यांना अडवतो तो पैशाचा आणि खर्चाचा न जुळणारा मुहूर्त. भाडे पहिल्या आठवड्यात, डब्याचे पैसे आगाऊ, परीक्षेचा फॉर्म कॉलेज सांगेल त्या दिवशी. आणि येणारा पैसा? भात विकले की, म्हणजे दिवाळीच्या पुढे. वडील कारखान्यात असतील तर पगार झाला की. शिष्यवृत्ती मंजूर झाली की, म्हणजे कधीकधी वर्ष संपत आल्यावर. वर्षाची बेरीज केली तर पुष्कळांचे गणित कसेबसे बसते. महिन्याचे बसत नाही. वीस तारखेनंतरचे दहा दिवस हाच खरा प्रश्न आहे आणि या पुस्तिकेचा मोठा भाग त्या दहा दिवसांवर खर्च केला आहे.

गावाची रचनाही याला कारण आहे. सिल्वाशाचा बाजार पगारावर चालतो. चाळीखालचा किराणावाला कामगाराला महिनाभर उधारीवर माल देतो, कारण पुढच्या महिन्यात दहा तारखेच्या आसपास पगार होणार हे त्याला माहीत असते. खोलीमालक त्याच हिशेबाने थांबतो. विद्यार्थ्याच्या आयुष्यात ती दहा तारीख नाही. तरीही तो त्याच दुकानात वही उघडतो, आणि दोन महिन्यांत ती वही त्याला पेलवेनाशी होते. उधारी चालू असेपर्यंत दुकानदार भाव विचारू देत नाही, हेही इथे सांगून ठेवतो. रोखीने थोडे थोडे घेणारा विद्यार्थी गरीब दिसतो, पण त्याला तेल आणि डाळ स्वस्त पडते.

वर्षातला सगळ्यात कठीण काळ जुलै ते सप्टेंबर. याच महिन्यांत प्रवेशाची फी, खोलीची अनामत, पुस्तके, ताप, आणि याच महिन्यांत घरी लावणी. बियाणे-खतात पैसा गेलेला, कणगीतले भात संपत आलेले. आषाढ-श्रावणातली ही टंचाई या मुलखाला नवी नाही. पावसाळ्यात खायला धान्य नसे तेव्हा सावकाराकडून खावटी घ्यायची आणि पीक आल्यावर वाढीने फेडायची, ही इथल्या डोंगरातली जुनी रीत. महाराष्ट्र सरकारने १९७८ पासून आदिवासींसाठी खावटी कर्जाची योजना आणली ती हाच फास सैल करायला. आणि त्याहून जुनी आठवण आहे ती लग्नगड्याची. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्यापोटी नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. कागद त्याच्याकडे, हिशेब त्याच्याकडे, कर्ज फिटल्याचे सांगणाराही तोच. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत ही वेठ मोडायला वारली उठले ते १९४५ मध्ये. २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावात त्यांची परिषद झाली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा काळ लिहून ठेवला आहे आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. झरी सिल्वाशापासून लांब नाही. वारली गावे सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, सोयरिकीही दोन्ही बाजूंना होतात. इथे शिकणाऱ्या अनेकांच्या पणजोबा-पणजीने ते दिवस पाहिलेले असणार.

हा इतिहास मी मुद्दाम सांगतो आहे, कारण मोबाइलमधल्या कर्जाची अॅप ज्या फटीतून आत शिरतात ती तीच पावसाळ्यातली फट आहे. समजा, पाच हजार मंजूर झाले. त्यातून 'प्रक्रिया शुल्क' कापून हातात साडेतीन येतात आणि सात दिवसांनी पाच हजार मागितले जातात. न दिले तर फोनमधल्या नातेवाइकांना, शिक्षकांना, मैत्रिणींना फोन जातात. मुलगा घाबरून दुसऱ्या अॅपवरून घेतो आणि पहिले फेडतो. लग्नगड्याचीच गोष्ट आहे ही, फक्त जमीनदार दिसत नाही. याबद्दल रिझर्व्ह बँकेचे नियम स्पष्ट आहेत आणि ते प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावेत असे मला वाटते. कर्जाची रक्कम तुमच्या स्वतःच्या बँक खात्यात थेट आली पाहिजे. सगळी शुल्के धरून वर्षाचा दर किती पडतो, हे कर्ज देण्याआधी एका पत्रकात लेखी दिले पाहिजे. ठरलेल्या मुदतीत मन बदलले तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज देऊन बाहेर पडता आले पाहिजे. फोनमधली संपर्कयादी, फोटो, कॉलची नोंद यांना अॅपने हात लावता कामा नये. हे नियम २०२२ पासून आहेत आणि २०२५ च्या निर्देशांत पुन्हा बांधले गेले आहेत. ज्या अॅपने उघडताच संपर्कयादी मागितली ते तिथेच काढून टाका. कर्ज चांगले की वाईट ही चर्चा त्याच्यापुढची.

याच घरांत बँकेच्या शैक्षणिक कर्जाची मात्र धास्ती असते. अॅपवर तीन मिनिटांत कर्ज घेणारा मुलगा बँकेच्या दारात पाऊल टाकायला बिचकतो. वास्तविक बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जयोजनेत चार लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत काही तारण ठेवावे लागत नाही, आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात. पालक सहकर्जदार असतात, त्यामुळे घरी बोलावे लागते, आणि अडते ते बहुधा इथेच. प्रत्येकाने कर्ज घ्यावे असे म्हणत नाही. बारावीनंतरच्या साध्या पदवीला त्याची गरज सहसा नसते. पण फार्मसी, नर्सिंग, अभियांत्रिकी अशा महाग शिक्षणासाठी आई गळ्यातले गहाण टाकणार असेल, तर त्याआधी एकदा बँकेत जाऊन विचारून यावे.

शिष्यवृत्तीचे प्रकरण पुस्तिकेत सर्वांत लांबले आहे. ते वाचताना कंटाळा येईल, तरी वगळू नका. पैसे अडकण्याचे एक नेहमीचे कारण इतके साधे आहे की ऐकून वाईट वाटते. सरकारी पैसा थेट खात्यात येतो तो आधारवरून, आणि ज्या बँकेत आधार सर्वांत शेवटी या कामासाठी जोडले त्या खात्यात येतो. गावाकडच्या खात्याचा क्रमांक अर्जात भरायचा, मग सिल्वाशात नवे खाते उघडताना बँकेने पुढे केलेल्या फॉर्मवर सही करायची, आणि वर्षभर जुन्या पासबुकात पैसे शोधत बसायचे, असे होते. कधी ते जुने खाते व्यवहार नसल्याने बंद पडलेले असते. कधी आधारवर नावाचे स्पेलिंग एक आणि गुणपत्रिकेवर दुसरे. नवे खाते उघडायचे तर किमान शिल्लक न लागणारे मूलभूत बचत खाते मागा, ते देणे बँकांना बंधनकारक आहे. आणि अर्ज भरण्याआधी बँकेत जाऊन एकच प्रश्न विचारा: माझे आधार थेट लाभासाठी कोणत्या बँकेशी जोडलेले आहे?

खोलीबद्दल. तोंडी व्यवहार इथे सर्रास चालतो आणि अनामत बुडते ती त्यामुळेच. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, मालकाला खोलीत यायचे तर २४ तास आधी कळवावे लागते, आणि भांडण झाले म्हणून वीज-पाणी तोडता येत नाही. त्याच धर्तीचा विनियम दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवसाठी २०२३ मध्ये मंजूर झाला. चाळीच्या मालकाला हे सगळे माहीत असेलच असे नाही, आणि कायदा तोंडावर फेकून खोली मिळत नाही, हेही खरे. निदान अनामतीची पावती घ्या. ती देत नसेल तर रक्कम रोख न देता यूपीआयने द्या आणि कशासाठी दिली ते त्याच व्यवहारात लिहा. विजेचा मीटर वेगळा आहे का, नसेल तर युनिटमागे काय घेणार, हे पहिल्याच दिवशी विचारा, आणि आकड्याचा फोटो काढून ठेवा. मुलींनी खोली पाहायला एकटीने जाऊ नये आणि शौचालयाची कडी, गल्लीतला दिवा, रात्री परतण्याचा रस्ता हे भाड्याच्या आधी बघावे. दोनशे रुपये कमी म्हणून कारखान्यांच्या मागच्या अंधाऱ्या रस्त्याची खोली घेणे स्वस्त पडत नाही.

जेवणाचे प्रकरण मी पुन्हा पुन्हा लिहून काढले. डबा लावावा की खोलीवर शिजवावे, याला एकच उत्तर नाही. डबा सोयीचा, पण सुट्टीत गावी गेल्यावर त्या दिवसांचे पैसे वळते होतात का, हे आधी ठरवावे लागते. डोंगरातून आलेल्या मुलांना गोडसर डाळ घशाखाली उतरत नाही आणि ती हळूहळू वडापाव, नूडल्सवर येतात. महिनाअखेरीस तर त्यावरच. घरून नागलीचे पीठ, तांदूळ, उडीद, सुकट आणता येत असेल तर जरूर आणा. नागलीची भाकरी शहरात दाखवायला लाजू नका. शहरातले लोक आता तीच महाग भावाने विकत घेतात. तिघांनी मिळून शिजवायचे तर गॅस हवा. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून रीतसर विक्रेत्याकडे मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून घेण्याचा जो प्रकार चालतो त्याच्या वाटेला जाऊ नका. बंद खोलीत, खाटेशेजारी, ती टाकी ठेवून तुम्ही झोपणार आहात.

एक विषय काहींना आवडणार नाही, तरी टाळलेला नाही. गुजरातेत दारूबंदी, सिल्वाशात दारू उघड आणि स्वस्त. शनिवार-रविवारी सीमेपलीकडून लोक त्याचसाठी येतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या, पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या मुलासाठी हे वातावरण कठीण आहे. उपदेश करून ते बदलणार नाही. दोन गोष्टी मात्र ठाऊक असू द्या. वीस तारखेला ज्यांच्याकडे पैसे नसतात त्यांच्यापैकी काहींचा महिना पहिल्या दोन शनिवारांतच संपलेला असतो. आणि वापी स्टेशन गुजरातेत आहे. गाडी पकडायला निघालेल्या मुलाच्या पिशवीत कुणी 'घरी पोचव' म्हणून बाटली दिली, तर सीमेच्या नाक्यावर तो गुन्हेगार ठरतो. दुसऱ्याची पिशवी घेऊ नका.

तशीच दुसऱ्याला द्यायची नाही अशी वस्तू म्हणजे तुमचे बँक खाते. 'खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर वापरायला दे, दोन हजार देतो' असे सांगणारा भेटला की समजा, फसवणुकीचे पैसे तुमच्या खात्यातून फिरणार आहेत. सायबर पोलीस शोधत येतात ते खातेदाराच्या नावाने. खाते गोठते, त्यात आलेली शिष्यवृत्तीही गोठते, आणि नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत सगळे उघडे पडते. शेअर बाजारातल्या वायद्यांपासूनही लांब राहा. सेबीने २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार तीन वर्षांत वायदे खेळणाऱ्या शंभर सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ जण तोट्यात गेले. फीच्या पैशाने त्या उरलेल्या सातांत जाता येईल, असे ज्या मित्राला वाटते त्याला हा आकडा दाखवा.

आता कमाईविषयी. कारखाने दाराशी आहेत, ठेकेदाराला माणसे हवीच असतात. रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसणारी मुले इथे आहेत आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण बारा तासांच्या पाळीने पहिले सत्र निघते, दुसऱ्यात हजेरी कमी पडते, तिसऱ्यात मुलगा कायमचा कामगार होतो. हे घडताना मी पाहिले आहे. काम करायचेच तर सुट्टीत करा, हजेरीची नोंद आणि पगाराची पावती मागा, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक टिपून ठेवा.

काम करत शिकण्याची आपली परंपरा मोठी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये साताऱ्याकडच्या कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एका पंगतीत जेवत, स्वयंपाकापासून शेतापर्यंतची कामे स्वतः करत. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातले, ही गोष्ट आपण ऐकतो आणि हेलावतो. मला त्यात आणखी एक दिसते. वसतिगृह चालवणाऱ्या माणसांनाही धान्य संपण्याची तारीख होती, आणि ती मुलांपासून लपवलेली नव्हती. अडचण सगळ्यांची मिळून होती. आज खोलीवर एकटा राहणारा मुलगा ती अडचण एकटाच गिळतो. पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना कर्मवीरांच्या नावाने चालते. आपल्या महाविद्यालयात ती आहे का, हे विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचारा. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात तासावर मिळणारे काम कारखान्याहून कमी पैशाचे असेल, पण ते वर्ग सोडायला लावत नाही.

विचारणे हेच इथे सर्वांत जड जाते. भूक लागली, ताप आला, भाडे थकले, यांतले काहीच मुले सांगत नाहीत. घरी फोनवर 'सगळे बरे आहे' म्हणतात, कारण तिकडे लावणी चालू आहे. सरकारी रुग्णालय गावातच असताना चार दिवस अंगावर ताप काढतात. इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे प्रमाण आहे. ज्याची तपासणी झालेली नाही त्याने ती करून घ्यावी, आणि सांधे किंवा छाती दुखत असताना पावसात भिजत वर्गात जाऊ नये. प्राध्यापकांनाही माझे सांगणे आहे: जुलैच्या अखेरीस पहिल्या वर्षाच्या मुलांना एकदा बाजूला घेऊन जेवणाचे काय चालले आहे ते विचारा. पालकांना सांगणे वेगळे. पैसे किती पाठवता यापेक्षा कधी पाठवाल ते मुलाला आधी सांगा. पंधरा तारखेला हजार येणार हे माहीत असलेला मुलगा अॅप उघडत नाही.

पुस्तिकेच्या शेवटी बारा कोरी पाने ठेवली आहेत, एका महिन्याला एक. खोलीत राहायला आल्याच्या आठवड्यात ती भरायची आहेत. डाव्या बाजूला कोणत्या तारखेला काय द्यायचे, उजव्या बाजूला कोणत्या तारखेला काय येणार. आणि ज्या महिन्यात उजवी बाजू रिकामी आहे त्याच्यापुढे, ती वेळ आली तर कुणाला विचारायचे त्या माणसाचे नाव. आई, मामा, खोलीतला सोबती, वर्गशिक्षक, कुणीही. मागच्या मुखपृष्ठाच्या आत तीन क्रमांक छापले आहेत: आपत्कालीन मदतीसाठी ११२, ऑनलाइन फसवणूक झाल्यास लगेच लावायचा १९३०, आणि मन थकले तर बोलायला टेलिमानसचा १४४१६. त्यांच्याखाली घरचा क्रमांक स्वतःच्या हाताने लिहा. फोन हरवतो, पावसात बंद पडतो, आणि आजकाल कुणालाच कुणाचा क्रमांक पाठ नसतो.